खिंडीवाली आत्या

आत्याने आयुष्यात चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे तिच्या दुकानातलं स्टूल. त्यावर उभी राहून ती वरच्या फळीवरचे दोऱ्याचे रीळ काढायची, आणि उतरताना काउंटर घट्ट धरायची. तरी सगळी गल्ली तिला खिंडीवाली आत्या म्हणायची. ह्यात गल्लीचा काही दोष नाही बरं का. हे नाव तिने स्वतः कमावलं होतं, बसल्या जागी, नुसत्या तोंडाच्या जोरावर.

दुकान दुरुस्तीचं. डोंगरात जाणाऱ्यांच्या सॅक, तंबू, जाड्या पँटी, काहीही फाटलेलं आणा, आत्या शिवून देणार. सॅकची चेन बदलेपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या बाकावर बसायचं आणि आपली कहाणी सांगायचं. कुणाचा तंबू उडाला, कुणाचा बूट तळ्यात पडला. तीस वर्षं हे चाललं. आत्याने सॅकबरोबर गोष्टीही ठेवून घेतल्या. सॅक वेळेवर परत केल्या, गोष्टी नाही केल्या.

त्यात तरुणपणी ती एकदा घरी न सांगता चार दिवस मैत्रिणीकडे जाऊन राहिली होती. गप्पा मारल्या, झोपा काढल्या, परत आली. आई रागावली, कुठे गेली होतीस म्हणून. आत्याने ठोकून दिलं, "खिंड पार करून आले." झालं. तेव्हापासून ते चार दिवस खिंडीच्या नावावर चढले ते चढलेच.

आणि मग भाचीचा पाय मोडला. नऊ वर्षांची पोर, दोनदा हाड बसवलं, सहा महिने प्लास्टर. भाऊ-वहिनी दोघंही कामावर, म्हणून पोरीला आत्याच्या दुकानात बाकावर आणून ठेवायचे, पायाखाली उशी. पोर रडायला लागली की आत्या मशीन थांबवायची. "मी खिंडीत होते ना, तेव्हा थंडी अशी, अशी थंडी, की माझी सावली रात्री दगडाला चिकटून बसली. सकाळी ऊन आल्यावर सुटली. तोवर मी बिनसावलीची हिंडत होते!" पोर रडायचं विसरायची. प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "चालून कुठे जायचंय?" पोर म्हणाली, "खिंडीत."

आत्याला तेव्हा फार गोड वाटलं होतं. आता ते गोड घशात अडकलं.

कारण पोर सव्वीस वर्षांची झाली, दातांची डॉक्टर झाली, आणि एका रविवारी दुकानात येऊन म्हणाली, "आत्या, ठरलं. पुढच्या महिन्यात आपण दोघी. चार दिवस. तुझी खिंड."

"कोण दोघी?" आत्या म्हणाली. सुई बोटात गेली होती.

"तू नि मी."

"अगं, वाटाड्या लागतो."

"वाटाड्या कशाला? तू आहेस ना!"

आत्याने सगळे उपाय करून पाहिले. गुडघा दुखतो म्हणाली, तर भाची गुडघ्याचा पट्टा घेऊन आली. दुकान कोण बघणार म्हणाली, तर वहिनीने रजा टाकली. शेवटी भावाकडे बघितलं, हा तरी अडवेल. भाऊ पेपरातून डोकंसुद्धा वर न काढता म्हणाला, "ताई बरोबर आहे म्हटल्यावर मला कसली काळजी?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ह्या पोरीच्या दवाखान्यात घाबरलेला पेशंट आला की ती त्याला काय सांगते, ते आत्याला ठाऊक होतं. "माझ्या आत्याने एकटीने खिंड पार केली, तुम्हाला एक दाढ काढवत नाही?" एवढ्या दाढा आत्याच्या नावावर निघाल्या होत्या. आता त्या परत कशा बसवायच्या?

निघाल्या. आत्याने स्वतःची सॅक स्वतः शिवली होती, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या सॅकच्या तुकड्यांची. एकीचा पट्टा, दुसरीचं बूड, तिसरीचे खिसे. दुकानात आरशासमोर ती फार झोकात दिसली होती. पहिल्या दिवशी पहिल्या तासात आत्याला कळलं की सॅक शिवणं वेगळं आणि उचलणं वेगळं. तीस वर्षं तिचे पाय मशीनच्या पायट्यावर चालत होते, नाही असं नाही, पण जागच्या जागी. पुढे जायची त्यांना सवयच नव्हती.

"दमलीस?" भाचीने विचारलं.

"छे! दरी बघतेय."

तासाभरात तिने सतरा वेळा दरी बघितली. एकदा तर समोर दरी नव्हती, नुसता कातळ होता. तोही बघितला.

दुसऱ्या दिवशी झाडं संपली. वर नुसते दगड, कड्याच्या सावलीत मळका बर्फ, आणि एक तळं, निळं, इतकं निळं की आत्याला वाटलं कुणीतरी नीळ जास्त टाकली. भाची थांबली. "आत्या, तो दगड कुठला गं?"

"कुठला?"

"सावली चिकटली तो."

आत्याने आजूबाजूला बघितलं. दगडांना तोटा नव्हता. तिने एक बऱ्यापैकी सपाट दगड दाखवला. भाचीने सॅक खाली ठेवली, जाऊन त्या दगडाला मिठी मारली, गाल टेकवला, आणि म्हणाली, "सहा महिने मी ह्याचाच विचार करत पडून होते गं."

आत्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. नाडी घट्टच होती.

संध्याकाळी तंबूपुढे बसून तिने मनाचा हिय्या केला. "हे बघ, तुला एक सांगायचंय."

"सांग ना."

"मी त्या खेपेला इथे..." तोंड उघडं राहिलं, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "इथे एका बकरीने माझी टोपी खाल्ली."

जित्याची खोड, दुसरं काय! आत्याने स्वतःला अशा शिव्या दिल्या की त्या लिहून काढल्या असत्या तर सॅकमध्ये मावल्या नसत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला त्या खिंडीत पोचल्या. शेवटचा चढ आत्या कशी चढली हे तिलाही सांगता आलं नसतं, आणि तिला काय काय सांगता येतं ते एव्हाना कळलंच असेल. अर्धी पायांनी, अर्धी हातांनी, उरलेली भाचीने सॅकच्या पट्ट्याला धरून ओढली म्हणून. वर पोचल्यावर भाची हसली, मग रडली, मग आत्याच्या गळ्यात पडली. आत्याही रडली. भाचीला वाटलं, जुन्या आठवणी.

आणि तेवढ्यात धुकं आलं. आलं म्हणजे असं, की हातातली काठी शेवटपर्यंत दिसेना. भाचीचा फोन थंडीने सकाळीच मेला होता आणि नकाशा त्या फोनमध्येच होता. कागदावरचा नकाशा तिने घेतलाच नव्हता, आत्या असताना नकाशा कशाला? आल्या वाटेने तो चढ धुक्यात उलटा उतरणं शक्य नव्हतं, आणि पलीकडे उतरायला वाट दोन बाजूंनी फुटत होती. मध्ये एक खांब होता. पाटी वाऱ्याने कधीच नेली होती.

"आता कुठून?" भाचीने विचारलं.

आत्याच्या चष्म्यावर धुकं बसलं होतं, म्हणून काच पुसायला तिने फक्त बोट वर केलं. आणि बोट कुठे वळलंय ते बघून भाची तिकडे चालायलाच लागली. डावीकडे. विचारलं नाही, थांबली नाही. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिच्या बुटाखालचा दगड निसटला. गडगडत गेला. मग आवाज बंद. मग बऱ्याच वेळाने, खूप खालून, टक्.

"थांब!" आत्या ओरडली. "जागची हलू नकोस! मी इथे कधी आलेलेच नाही!"

भाची मागे वळली. "ह्या वाटेने नाही आलीस?"

"कुठल्याच वाटेने नाही. मी दुकानातल्या स्टुलाच्या वर कधी गेले नाही."

"आणि ते चार दिवस?"

"मैत्रिणीकडे होते. झोपले होते."

"तळं?"

"एका पोस्टमनने सांगितलं, त्याची चेन बसवताना."

"सावली?"

"सावली माझी," आत्या म्हणाली. म्हणताना जरा अभिमानच वाटला, आणि त्याची तिला लाज वाटली.

भाची खांबाला टेकून खाली बसली. "मी त्या दगडाला मिठी मारली," ती म्हणाली.

"मारलीस."

"आणि तू नुसती बघत बसलीस?"

"नाडी बांधत होते."

"आत्या, तू आता बोलू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा आत्याला बोलायचंच नव्हतं. पण थंडी वाढत होती, हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती, आणि इथे बसून राहिलो तर ह्या पोरीला रागावायलाही वेळ मिळणार नाही हे तिला दिसत होतं. शेवटी ती हळूच म्हणाली, "एक बोलू? खरं बोलते. मला डोंगर ठाऊक नाही, पण पँटी ठाऊक आहेत."

भाचीने मान वर केली.

"खिंडीतून डाव्या घळीने उतरलो म्हणणारे वर्षाला पाचसहा तरी येतात माझ्याकडे. सगळ्यांच्या पँटी बुडावर फाटलेल्या. गुडघ्यावर एकही नाही. म्हणजे उभ्याने कुणी उतरत नाही नि पालथंही कुणी उतरत नाही, बसून घसरत जातात. आणि फाटतो तो नेहमी डावा खिसा. म्हणजे डाव्या कड्याला चिकटून."

"आणि उजवीकडची वाट?"

"तिकडून आलेल्याचं काही शिवायला आलंच नाही कधी."

"म्हणजे ती वाट चांगली असेल."

"नाहीतर तिकडून कुणी परतच आलं नसेल."

धुक्यात उजवी वाट छान सपाट दिसत होती, पण दोन हातांपुढे ती होती की नव्हती कोण जाणे. डावीकडून माणसं जिवंत येतात एवढं तरी पक्कं होतं. फाटून येतात, पण येतात.

"मी पुढे जाते," आत्या म्हणाली. "घसरले तर मी आधी. तुझी एवढी शिकलेली बोटं, ती मोडायला नकोत."

भाचीने दोरी काढून दोघींच्या कमरेला बांधली. गाठ मारताना आत्याकडे बघितलं नाही.

आणि मग आत्या बसली. बूड टेकलं, डावा खांदा कड्याला घासला, टाचा रोवल्या, आणि इंच इंच करत खाली निघाली. तीन तास. "पुढे." "थांब." "दगड हलतोय." एवढंच बोलणं. पहिल्या तासात पँटीचा वरचा थर गेला, दुसऱ्या तासात आतला. डावा खिसा कुठेतरी निघून गेला, आतल्या रुमालासकट. तिसऱ्या तासात दगड इतका गार लागायला लागला की आत्याने मागे हात लावून बघायचं टाळलं. तीस वर्षं लोकांच्या फाटक्या बुडांना ती हसत आली होती. "काय हो, बसून आलात की काय डोंगरावरून?" असं म्हणायची. आता स्वतःलाच म्हणाली, "काय हो बाई?"

धुक्याखाली आल्या तेव्हा समोर हिरवं कुरण होतं, मुक्कामाच्या निवाऱ्याचं पत्र्याचं छप्पर, धुराडं. भाचीने दोरी सोडली, गुंडाळली, आणि पुढे चालू लागली.

निवाऱ्याचा रखवालदार दारातच होता. आत एक खेचरवाला शेगडीशी बसला होता. "या, या. उजवीकडच्या रस्त्याने आलात ना? बरं झालं, धुकं असलं तरी तिथे काही होत नाही. ह्याचं खेचर रॉकेलचे डबे घेऊन तिथूनच येतं, अर्धं झोपेत."

आत्याने डोळे मिटून घेतले. "घळीतून आलो," ती म्हणाली.

खेचरवाला फिस्सकन हसला. रखवालदारही हसला, पण आदराने. "बाई, घळीतून तरणीताठी पोरं येतात, तीही रडत. ह्या वयात? इथे येणारे सगळेच थोडं वाढवून सांगतात म्हणा. चालायचंच. चहा घ्या."

आत्या भिंतीला पाठ लावून उभी होती. पाठ लावणं भागच होतं. साठ वर्षांत खिंडीबद्दल चारचौघांत बोललेलं हे तिचं पहिलं धडधडीत खरं वाक्य, आणि ते असं चहात विरघळून चाललं होतं. भांडायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. कुठल्या तोंडाने सांगणार? हेच ना ते तोंड?

"खरंय ते," भाची म्हणाली.

घळीपासून तिने पूर्ण वाक्य असं पहिल्यांदाच उच्चारलं होतं. कप खाली ठेवून ती उठली, दोघांकडे पाठ केली आणि आपली पँट दाखवली. आतल्या लोकरी विजारीचा लाल रंग चांगला वीतभर दिसत होता. "पुढे ती होती. मी मागे. वाटही तिनेच शोधली. मी बरोबर होते, म्हणून सांगते."

खेचरवाल्याचं हसू गळालं. त्याने उठून आत्याला शेगडीजवळची जागा दिली, आणि वर आपलं कांबळंही दिलं, गुंडाळायला. रखवालदाराने आत्याकडे नव्याने बघितलं. "मग वर बर्फ केवढा आहे हो बाई? उद्या माझी माणसं जायचीत."

"अहो, गुडघ्या..." आत्या सुरू झाली.

भाची तिच्याकडे बघत होती. दाढ तपासताना बघते तशी, दिव्याखाली.

"घोट्यापर्यंत," आत्या म्हणाली.

भाचीने कप उचलला, एक घोट घेतला, आणि म्हणाली, "घोट्याच्या जरा खाली."

"जरा खाली," आत्या म्हणाली, आणि कांबळं ओढून घेतलं.