जाताना हलकं

सामान भरण्यात शकुनचा हात धरणारं कोणी नव्हतं, निदान कलकत्त्याच्या बालीगंजमध्ये तरी. दिगंबररावांना बँकेने सांगलीहून नागपूर, नागपूरहून रायपूर आणि तिथून कलकत्त्याला नाचवलं, आणि प्रत्येक बदलीत संसार बांधला शकुनने, सोडला शकुनने. साहेब फक्त चार्ज घ्यायचे. शर्ट गुंडाळून भरायचे, मोजे बुटांत कोंबायचे, हे कोणीही सांगेल. शकुनचा खरा कायदा वेगळा होता: रिकामं भांडं प्रवासाला न्यायचं नाही. कुकर निघाला तर त्याच्या पोटात डबा, डब्यात वाट्या, वाट्यांत लवंगा नाहीतर वेलदोडे. हवा वाहून न्यायला आपण काय हमाल आहोत का, असं ती म्हणायची.

सांगलीत त्यांचा छोटासा फ्लॅट होता, दोघांच्या नावावर घेतलेला. रिटायर झाल्यावर तिथे जाऊन राहायचं, हे दिगंबररावांनी इतक्या वेळा बोलून दाखवलं होतं की शकुनने ते दगडावरची रेघ समजून टाकलं. म्हणून कलकत्त्याच्या भाड्याच्या घरात तिने जड असं काही घेतलंच नाही. पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसत. शेजारच्या सेनबाई दर दुर्गापूजेला विचारत, सोफा कधी घेणार? शकुन नुसती हसायची. सोफा सांगलीत यायचा होता.

दर उन्हाळ्यात सांगलीला जाताना मात्र बॅगा गच्च भरायच्या. पोळपाट, लोखंडी कढई, गरियाहाटला दहा दुकानं हिंडून आणलेलं पडद्यांचं कापड. असं थोडं थोडं नेऊन तिने तिथे एक अख्खं स्वयंपाकघर मांडलं. त्या स्वयंपाकघरात आजवर चहा आणि खिचडीपलीकडे काही शिजलं नव्हतं, कारण मुक्काम कायम चार दिवसांचा. येताना रिकाम्या बॅगा एकीत एक घालून आणायच्या. दिगंबरराव रिटायर झाले, तरी एस्प्लनेडच्या एका कंपनीत सल्लागार म्हणून जात राहिले, आणि 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत राहिले. शकुन वाट पाहत राहिली.

यंदा दिवाळीच्या तोंडावर तेच आपण होऊन म्हणाले, "चार दिवस सांगलीला जाऊन येऊ. मोठ्या बॅगा घे, पण भरू नकोस. जाताना एकदम हलकं जायचं."

"मोठ्या बॅगा आणि हलकं? ते कसं काय?"

"येताना लागतील. म्हणून तर येतानाचं रेल्वेचं तिकीट काढलंय. जाताना विमान."

जन्मात कधी नवऱ्याने सामानाचा विचार केला नव्हता, तो आता करत होता. शकुन हरखली. येताना बॅगा लागणार म्हणजे खरेदी, दुसरं काय? हळद, बेदाणे, भडंग, आणि इतक्या वर्षांनी सुचलं असेल तर एखादी चांगली साडीसुद्धा. सेनबाईंना तिने बेदाणे कबूल करूनही टाकले. दोघांचे जेमतेम कपडे एका बॅगेच्या कोपऱ्यात बसवले आणि बाकीची बॅग मोकळी ठेवताना तिला आपल्याच कायद्याचं हसू आलं.

दुपारी शोभाचा, तिच्या नणंदेचा, सांगलीहून फोन आला. फ्लॅटची किल्ली शोभाकडे असे.

"वहिनी, एकच विचारायचं होतं. तो मोठा कुकर तुम्ही नेताय, का मी ठेवून घेऊ?"

"कुठे नेऊ?"

"कलकत्त्याला. दादा म्हणाला, चांगली भांडी तेवढी बॅगांत घालून नेऊ, बाकीची वाटून टाक. घेणाऱ्याला घर रिकामं हवंय ना, सह्या झाल्या की लगेच."

शकुनला कळायचं ते कळलं. पण बदल्यांची बायको ती. पायाखालचं सरकलं तरी आवाज सरळ ठेवायची सवय. "कुकर ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली, "आणि सह्या कधी म्हणाले गं हे? मी विसरले." शोभाने भोळेपणाने सगळं सांगितलं. फ्लॅट विकायचा श्रावणातच ठरला होता. शकुनच्या लेकाला, क्षितिजला, कलकत्त्यातच सॉल्ट लेकमध्ये मोठं घर घ्यायचं होतं, त्यात आई-बाबांनाही एक खोली असणार होती.

तिने लेकाला फोन लावला. क्षितिज इथेच वाढलेला, त्याची मराठी कायम अशी लंगडत चालायची. "आई, बाबांनी तुला बोलले नाही अजून? मला वाटला, तुला माहीत आहे. राग नको ना करू. तुझी खोली मी साउथ फेसिंग ठेवलो आहे."

म्हणजे नणंदेला माहीत, लेकाला माहीत, सांगलीतल्या त्या परक्या माणसालाही माहीत. माहीत नव्हतं ते फक्त तिला, जिच्या सहीवाचून व्यवहार होणार नव्हता. सही लागणार म्हणून तिचं तिकीट काढलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तिनेच लाडालाडाने बॅगा रिकाम्या ठेवल्या होत्या, स्वतःचं स्वयंपाकघर मोडून आणायला! तिला स्वतःचीच शरम वाटली. मग तिने कपाट उघडलं.

दिगंबरराव संध्याकाळी आले तेव्हा चहा झाला नव्हता.

"शोभाचा फोन आला होता," शकुन म्हणाली.

त्यांनी चप्पल काढता काढता खाली पाहिलं. "सांगणारच होतो गं."

"कधी? सही करताना?"

"तिथे गेल्यावर शांतपणे बोलू म्हटलं. इथे सांगितलं असतं तर तू निघालीच नसतीस." मग आवाज जरा चढवून, "अगं, पण विचार कर. लेक इथे, नात इथे. सांगलीत शोभा सोडली तर आपलं आहे कोण आता?"

"हे मला श्रावणात विचारायचं होतंत. नातीसाठी मी हो म्हटलं असतं, अहो! रडले असते चार दिवस, पण हो म्हटलं असतं. तुम्ही मला विचारलंच नाहीत. मला सामानासारखं उचलून न्यायला निघालात."

दिगंबररावांनी चपला कोपऱ्यात सरकवल्या. ते आत गेले आणि दारातच थांबले. दोन्ही मोठ्या बॅगा पलंगावर उघड्या होत्या आणि काठोकाठ भरल्या होत्या. तिच्या रोजच्या साड्या, ठेवणीतल्या साड्या, स्वेटर, चष्म्याची जुनी घरं, गुडघ्याचं तेल, औषधं, देवांचा डबा. त्यांचे शर्ट बाहेर खुर्चीवर नीट घडी करून ठेवले होते.

"एवढं कशाला? चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"चार दिवसांसाठी तुम्ही चाललाय. मी राहायला चाललेय."

ते बॅगांकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. शकुनही त्यांच्याकडे बघत होती. एवढं सगळं होऊनही तिला वाटत होतं की आता हे विचारतील, 'आणि मी?' तेवढं विचारलं असतं, तरी ती कदाचित बॅगा पुन्हा उपसायला बसली असती.

"आणि सही?" दिगंबररावांनी विचारलं.

शकुन वळली आणि बॅगेची चेन लावू लागली.