थर्मासमधलं पाप

सोमवारी सकाळी टेकाडावर पाय ठेवायला जागा नव्हती. बेलापूरच्या अलीकडे उसाच्या रानांतून वर आलेलं हे बोडकं टेकाड. परवापरवापर्यंत तिथे शेळ्या चरायच्या. आता पत्र्याची लांबलचक शेड, पायऱ्या, निळा झेंडा आणि चारी दिशांना तोंड केलेले कर्णे. शेडमधल्या ओट्यावर आदल्या दुपारपासून ठेवलेली भांडी ओळीने मांडली होती. तांबे, कळश्या, पेढ्यांचे डबे, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि मधूनमधून स्टीलचे थर्मास. प्रत्येकाच्या तोंडाला निळा दोरा आणि दोऱ्यात नावाची चिठ्ठी.

नीलकंठ महाराज छोट्या त्रिशूळाने दोरा तोडत होता आणि आतलं पाणी काचेच्या बरणीत ओतत होता.

"लंकाबाई! कुठं हाय लंकाबाई?"

"हितं हाय देवा!" एक ठसठशीत म्हातारी गर्दीला कोपरं मारत पुढे घुसली.

बरणीत पाणी पडलं ते निळं. नुसतं निळं नव्हे, उन्हात धरलं तर आतून लालसर झाक मारणारं, डोळा ठरू नये असं निळं. गर्दीतून "हर हर महादेव" उठलं. महाराजाने बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे गरगर फिरवले, गळ्याशी हात नेला.

"घेतलं! गुडघ्याचं विष घेतलं कंठात! अरे, समुद्र घुसळला तवा निघालेलं विष कुणी प्यालं? इंद्रानं? त्यो तर पळाला! भोळ्यानं प्यालं. आन तुमचा डाक्टर काय करतो? एक विष काढाया दुसरं विष घालतो. सुई म्हंजे काय रं? सापाचा दातच की, नळी लावलेला!"

लोक खो खो हसले.

महाराजाचा नियम साधा होता. घरचं पाणी घरच्या भांड्यात आणायचं. रविवारी दुपारी महाराज त्यात भस्माची पुरचुंडी सोडून तोंड बांधणार. भांडं बदलायचं नाही, मध्ये उघडायचं नाही. सोमवारी पाणी निळं निघालं तर रोग उतरला. निळं न होता गढूळ निघालं तर आत पाप आहे, आणि सुया-औषधं त्या पापाला खतपाणी घालताहेत. ती तत्काळ बंद करायची.

शेडच्या खांबाला टेकून सुमेधा हे ऐकत होती. शेजारी तिचे वडील विष्णुपंत उभे होते. भिंगारच्या पोस्टातून निवृत्त झालेले, रोज स्नानसंध्या करणारे, आवाज न चढवणारे गृहस्थ. विष्णुपंतांना हा ओटा ओळखीचा होता. सुमेधाला न विचारता त्यांनी तिच्या आईचा थर्मास इथेच ठेवला होता. तो गढूळ निघाला. आईची केमोथेरपी अर्ध्यावर थांबली. लसिकाग्रंथींचा कर्करोग होता, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे औषधाला चांगलं उत्तर देत होता. आई जाऊन महिना झाला होता.

आज दोघं आली होती अश्विनीसाठी. नगरच्या वॉर्डात आईच्या शेजारच्या खाटेवर असलेली ही पोर, राहुरीकडच्या शेतकरी घरातली सून. रोग तोच. तिचा परवा फोन आला होता, दबक्या आवाजात. "ताई, आत्याबाई म्हनत्यात टेकाडावर न्यायचं. मागची सुई चुकवलीच त्यांनी, आता पानी निळं आलं न्हाई तर दवाखाना कायमचा बंद. आप्पांनी हो म्हटलंय." अश्विनी आत्ता समोरच बसली होती, डोक्याला रुमाल बांधून, नवऱ्याच्या खांद्याला टेकून. तिचा थर्मास ओट्यावर होता. त्यात काय निघणार हे सुमेधाला आधीच ठाऊक होतं.

ते कळलं ते असं. आईचं तेरावं झाल्यावर माळा आवरताना सुमेधाला तो थर्मास सापडला. महाराजाने बजावलं होतं की आत विष आहे, भांड्यासकट नदीत सोडा. विष्णुपंतांनी नदीपर्यंत नेला आणि परत आणला.

"तू पहिल्या पगारात आणलेला होतास," ते म्हणाले. "टाकवेना."

तिने झाकण काढलं. तळाशी चिखलासारखा हिरवट-तपकिरी गाळ आणि फडक्याची पुरचुंडी. आणि वास. ओल्या गवतात मासळी मिसळावी तसा तो वास सुमेधा रोज कपड्यांतून घरी आणत होती.

राहुरीच्या पुढे, एका मद्यार्क कारखान्याच्या कुंपणाला लागून त्यांचा प्रकल्प होता. उथळ, लंबगोल हौद, पाणी ढवळणारी चाकं आणि त्यांत वाढणारं सूक्ष्म शेवाळ. कारखान्याच्या टाक्यांतून जो वायू हवेत जायचा, तो नळ्यांनी या हौदांत सोडायचा. शेवाळ तो खाऊन वाढतं. त्याला सुपीक रान लागत नाही आणि हौदातलं पाणी गाळून पुन्हा वापरता येतं. त्यातून जनावरांचं पौष्टिक खाद्य होतं, माणसांच्या गोळ्या होतात, आणि दगडी कोळशाच्या रसायनांऐवजी मिठाईत घालता येईल असा निळा रंग निघतो. उद्या तेलही निघेल, असं त्यांचे साहेब पाहुण्यांना सांगत. सुमेधा उद्याचं सांगत नसे. तिचं काम आजच्या रंगाचं होतं. वाळलेलं शेवाळ गार पाण्यात भिजवलं की पेशी फुटतात, निळा रंग पाण्यात उतरतो आणि हिरवा मागे गाळात राहतो. आइस्क्रीमवाले या निळ्यावर खूश होते. बिस्किटवाले आणि उकळत्या पाकाच्या गोळ्या करणारे मात्र माल परत पाठवत. कारण हा रंग म्हणजे मुळात प्रथिन, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखंच नाजूक. कढत पाणी लागलं की मोडतं, निळं मरतं, उरतो गढूळ चोथा. तो दोष काढायलाच सुमेधाला पगार मिळत होता. अजून निघाला नव्हता.

माळ्याखाली थर्मास मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसली होती. केमोच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती खचते, म्हणून डॉक्टर सांगतात की पाणी उकळलेलंच प्यायचं. घरोघरी ते उकळून थर्मासमध्ये भरतात. टेकाडावर घरचं पाणी, घरच्या भांड्यात. गुडघेदुखीवाला नळाखाली तांब्या धरतो. ज्याच्या घरी खरं दुखणं आहे, तो बिचारा थर्मास उचलून आणतो. गुडघा पुण्यवान ठरतो. कर्करोग पापी.

"तुम्ही मला विचारलं का नाहीत?" एवढंच तिने वडिलांना विचारलं होतं.

विष्णुपंत म्हणाले, "डॉक्टर म्हणायचे, बघू. तो म्हणाला, होईल. मला 'होईल' ऐकायचं होतं गं."

परवा अश्विनीचा फोन आल्यावर विष्णुपंतांनीच देव्हाऱ्यामागचा तांब्या काढला, नळाखाली भरला आणि म्हणाले, "चल."

काल दुपारी तो तांब्याही ओट्यावर येऊन बसला होता. आता महाराजाने अश्विनीच्या थर्मासचा दोरा तोडला.

"अश्विनी गोरक्षनाथ!"

बरणीत पाणी पडलं. गढूळ, शेवाळी. गर्दी एकदम मागे सरली, जणू पाण्याला हात फुटणार होते.

"आरारारा!" महाराज कण्हला. "बघा. बघून घ्या. किती सुया टोचल्या पोरीला? त्या दवाखान्यात पुन्यांदा पाऊल टाकायचं न्हाई. सात सोमवार निरंकार उपास. पानीबी सूर्य बुडाल्यावर."

"म्या म्हनत हुते," सासू मुक्ताबाई कपाळावर हात मारत म्हणाली, "आमच्या घरात असलं कदी हुतं का? हिनंच कायतरी आनलं माहेरून."

अश्विनीने मान वर केली नाही. तिचा नवरा गोरक्षनाथ वडिलांकडे बघत होता आणि ते वडील, आप्पासाहेब, पाण्याकडे. उंच, करड्या मिशांचा माणूस, गावात शब्दाला वजन असलेला. पण त्या वेळी तो ओट्याची कड धरून उभा होता.

पुढचा दोरा तुटला. पितळी तांब्या. पाणी निळंभोर.

"इंदुमती विष्णुपंत! कुठं हायेत इंदुमतीबाई?"

"त्या आल्या नाहीत," विष्णुपंत पुढे होऊन म्हणाले. "दुखणं मोठं आहे, महाराज. कर्करोग."

"हुता!" महाराजाने बरणी उंच धरली. "हुता म्हना पंत! बघा रं, कसा झरझर उतरलाय. सुई बंद किली व्हती न्हवं? मंग! श्रावणात ही माउली आपल्या पायानं टेकाड चढंल. माझा शबूद हाय!"

गर्दीने पुन्हा गजर केला. तो विरेपर्यंत विष्णुपंत थांबले.

"ती गेल्या महिन्यात गेली," ते म्हणाले. "याच ओट्यावर तुम्ही तिला पापी ठरवलंत. त्यानंतर."

एका सेवकाने विष्णुपंतांच्या दंडाला धरलं. "चला म्हातारबुवा, देवाची मस्करी करता काय?"

"हात काढ," आप्पासाहेब म्हणाला. तो मोठ्याने बोलला नाही, पण हात निघाला. "काय म्हनायचं ते म्हनू दे त्यास्नी."

सुमेधा पुढे आली. तिला भाषण येत नव्हतं. ती लंकाबाईकडे वळली.

"आजी, तुमचं निळं पाणी थोडं द्याल?"

"व्हय गं? का म्हून?" लंकाबाईने बरणी पदराखाली घेतली. "माजा गुडघा हाय त्यात."

"अर्धंच द्या. अर्धा गुडघा राहील."

कुणीतरी फिसकन हसलं. लंकाबाईने कुरकुरत दोन ग्लासांत थोडं थोडं ओतलं. पायऱ्यांखालच्या चहावाल्या कारभाऱ्याला सुमेधाने हाक मारली.

"उकळतं पाणी आणा. नुसतं."

"बिनचहाचं? पैलंच गिऱ्हाईक," म्हणत कारभारी किटली घेऊन वर आला.

एका ग्लासात तिने माठातलं गार पाणी घातलं, दुसऱ्यात तेवढंच किटलीतलं. गारातलं निळं फिकं झालं, पण निळंच राहिलं. गरमातलं हळूहळू विटलं, राखी झालं, मग नुसतं मळकट. पुढच्या रांगेतले लोक उकिडवे बसून बघत होते.

"लंकाबाईंनी एवढ्या दोन मिनिटांत काही पाप केलं का?" सुमेधाने विचारलं.

"मेल्या कारभाऱ्याचं कायतरी आसंल किटलीत!" लंकाबाई फणकारली.

"किटलीत फक्त आच आहे, आजी. पुरचुंडीत भस्म नाही, वाळलेलं शेवाळ आहे. आमच्याकडे तयार होतं. ज्यात कचरा सापडतो तो माल रंगाला चालत नाही, जनावरांच्या खाद्याला जातो. गार पाण्यात ते निळं होतं, कढत पाण्यात होत नाही. आणि थर्मासमध्ये पाणी रात्रभर कढत राहतं. इथला एक तरी थर्मास आजवर निळा निघालाय का, आठवून बघा."

लोक आठवू लागले. एकमेकांकडे बघणं सुरू झालं.

"तरीच!" कारभारी किटली खाली ठेवत म्हणाला. "ह्यो म्हाराज म्हंजे आमचा हनुमंता, आदी पेंडीच्या पोत्यांचा एजंट व्हता. ह्याच्या दुकानाम्होरल्या हौदात पोतं फुटून पानी निळं झाल्यालं म्या सोता बघितलंय. म्हशी प्याल्या, त्यांला काय झालं न्हाई."

म्हणजे हा गृहस्थ दर सोमवारी भक्तांसमोर ढोरांचं खाद्य चाटून गळा धरत होता.

मुक्ताबाई पुटपुटली, "पर देवाचं..." आणि थांबली. आप्पासाहेबाने थर्मास उचलला. तोंडातून अजून ऊब येत होती. त्याने तो दोन्ही हातांत धरला.

"मंग माज्या सुनंचं पाप?"

"पाणी कढत होतं, आप्पासाहेब. ती डॉक्टरांचं ऐकत होती. दुसरं काही नाही."

महाराज एव्हाना सावरला होता. कर्णे पुन्हा खरखरले. "कलियुग हाय! ज्याला इश्वास न्हाई त्याला गुण न्हाई. आन ऐका, फुडल्या सोमवारपास्नं थर्मास चालायचा न्हाई! लोखंडात दोष हाय. फकस्त तांबं-पितळ!"

आणि हे सुमेधाला कधीच विसरता आलं नाही: कितीतरी माना हलल्या. हो, लोखंडात दोष असणार. लंकाबाई उरलेला गुडघा पदराआड धरून ओट्याशी परत गेली. पुढच्या तांब्याचा दोरा तुटला आणि गजर झाला, पहिल्यापेक्षा जरा बारीक.

पण आप्पासाहेबाने मुलाकडे पाहून मान हलवली. "गाडी काड."

"आवो, आज सोमवार..." मुक्ताबाई म्हणाली.

"सोमवारी दवाखाना उघडा आसतो."

दुपारी नगरच्या वॉर्डात डॉक्टरांनी अश्विनीला तपासलं. मध्ये खंड पडलाय, ते म्हणाले. पहिल्यासारखी खात्री देता येणार नाही, पण औषध आजच सुरू करू. सलाईन लागलं. आप्पासाहेब दाराशी पायरीवर बसून राहिला. विष्णुपंत त्याच्या शेजारी बसले. शेजारच्या खाटेवर आता दुसरीच बाई होती. सुमेधाने तिकडे एकदा पाहिलं आणि अश्विनीची चादर नीट केली.

त्या टेकाडावर पुढच्या सोमवारीही गर्दी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे येणारी माणसं मूर्ख नाहीत. ती घाबरलेली आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला खात्रीने बोलणारा कुणीही डॉक्टरपेक्षा मोठा वाटतो. म्हणून भीती वाटेल तेव्हाच विचारायला हवं. पुडीत काय आहे? पाणी सगळ्यांचं निळं होतं का, आणि ज्यांचं होत नाही त्यांच्यात सारखं काय आहे? चालू असलेलं औषध बंद कर असं जो सांगतो, त्याने रोग कधी तपासला? एवढं विचारल्याने कुठलाही देव रागवत नाही. आणि रागावणारा समोर असेल, तर आपल्या माणसाचा हात धरून तिथून उठावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.