मागे फिरवलेली तारीख

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो, आणि मला स्वतःचीच किळस येते. आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे गोड बोलायला नको.

माझ्या पोटात तीन रबरी पट्टे आहेत, दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा. कपड्यांच्या कारखान्यात, कर्मचारी विभागाच्या टेबलावर माझा जन्म गेला. तिथले थोरले बाबू रोज सकाळी चष्मा पुसून माझा दिवसाचा पट्टा एक घर पुढे सरकवायचे. मागे कधीच नाही. हाताखालच्यांना ते बजावायचे, की कुणाला कामावरून काढायचं तर आधी लेखी कळवा, त्याचं म्हणणं ऐकून घ्या, आणि कागद ज्या दिवशी द्याल त्याच दिवसाची तारीख घाला. रजेच्या अर्जावर माझा ठसा दिसला की कामगार निर्धास्त व्हायचे. तेव्हा माझी ऐट काय सांगू!

बाबू निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत एक गुळगुळीत साहेब येऊन बसला. बोलणं साखरेत घोळलेलं, आत सगळा चिखल. जुलैच्या शेवटच्या दिवशी काजं-बटणं करणारी बाई त्याच्याकडे आली. दिवस गेलेत, पुढे बाळंतपणाची रजा लागेल, असं तिने संकोचत सांगितलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर. साहेबाने तोंडभरून अभिनंदन केलं. तिची पाठ वळते न वळते तोच त्याने तिच्या नावाने वाईट कामाची ताकीद लिहिली, आणि ती आधीची वाटावी म्हणून माझा महिन्याचा पट्टा मागे ढकलला. शी! तो घामट अंगठा आठवला तरी शिसारी येते. ठसा मात्र मीच उमटवला. दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं.

बाई गप्प बसली नाही, तिने सरकारी कामगार कार्यालयात तक्रार केली. सुनावणीत साहेबाने तो कागद छाती काढून पुढे केला. ताकीद दिली होती, बाईनेच घेतली नाही, म्हणाला. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी कागद दोनदा वाचला.

"साहेब, जूनला एकतीस तारीख कधीपासून आली?"

घाईत त्याने महिना तेवढा फिरवला होता. दिवस तसाच राहिला होता. बाई कामावर परत आली, तिला रजाही मिळाली.

साहेबाने सगळं खापर माझ्यावर फोडलं. शिक्का जुना झालाय, पट्टे अडकतात, असं सांगून त्याने मला खणात फेकलं आणि नवा शिक्का आणला. काल वरून नव्याचे पट्टे फिरल्याचा आवाज आला. आधी महिना फिरला. मग दिवसही फिरला. एवढंच तो शिकला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीत बसेल. माझ्यासारख्याला रोज पुसा, शाई घाला आणि पुढेच सरकवा. दर वेळी एकतीस तारीख मदतीला धावून येत नाही.