आक्कांनी दिलेली कवळी

"वाजवा की, मास्तर!"

पुंडलिक मास्तरांनी सॅक्सोफोन ओठांना लावला, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, आणि आतून आली ती नुसती हवा. फुस्स! पंक्चर झालेल्या ट्यूबमधून येते तशी. शेजारी उभ्या राजेंद्रने आपला ट्रम्पेट खाली घेतला आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

बानाबाई सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या. "काय झालं वो?"

"काय नाय, आक्का. बाजाची पत्ती खराब झाली. बदलतो." मास्तर हसले आणि दातांच्या दोन्ही ओळी लखलखल्या. नवी कोरी कवळी, बानाबाईंनीच शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडून बसवून दिलेली. माणूस कसा दहा वर्षांनी तरणा दिसायला लागला, असं म्हणून बाई स्वतःवरच खूश झाल्या. आता काय बोलावं!

बानाबाईंना अख्खं चिकलठाणा ओळखतं. बाप, कारभारी नावाचा, करमाडच्या माळावर मेंढरं राखायचा. तो माळ असा की लोक हसायचे. दगड सोडून तिथं काही उगवायचं नाही. मग कारखाने आले, सरकारनं माळ घेतला, आणि दगडाचा भाव सोन्याला भिडला. तोवर बाप गेलेला, नवरा त्याच्याही आधी. मागेपुढे कोणी नाही. बापाच्या या एकुलत्या एका लेकीच्या पदरात सगळं पडलं. बंगला झाला, गाडी झाली, ड्रायव्हर झाला. आता बाईंनी चारधाम करावं, देऊळ बांधावं, अशी भावकीची अपेक्षा. बाईंना नाद लागला जॅझचा!

कसा, तेही सांगायला हवं. फुलंब्रीला एक लग्न होतं. आपल्याकडची रीत अशी की वऱ्हाड जेवतं आणि बँडवाले मांडवामागे थांबतात. उरलंसुरलं शेवटी त्यांच्या पानात. हात धुवायला बाई मागे गेल्या, तर हे मास्तर उपड्या पातेल्यावर बसून एकटेच काहीतरी वाजवत होते.

"हे कोणतं गाणं म्हनायचं?"

"जॅझ म्हनत्यात याला. वेरूळ-अजिंठ्याचे पाव्हणे उतरायचे त्या हॉटेलात गोव्याचे एक मास्तर व्हते, त्यांनी शिकवलं. याच्यावर नवरदेवाला नाचता येत नाय, म्हून कुनी वाजवायला सांगत नाय."

बाई तिथंच उभ्या राहिल्या. सूर वाट सोडून कुठच्या कुठं गेला. आता काही हा परत येत नाही, असं वाटेपर्यंत गेला, आणि सांजेला मेंढरं वाड्यात शिरावीत तसा निमूट परत आला. बाईंचे डोळेच भरले. बापाची आठवण त्यांना अशी भर लग्नात, खरकट्या पातेल्यांच्या घोळक्यात येईल, असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून बंगल्याचा खालचा हॉल या मंडळींचा झाला. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा बँडवाले कुठं गवंड्याच्या हाताखाली जातात, कुठं गोण्या उचलतात, आणि तोंडाची सवय मोडते. बाईंनी ते बंद केलं. तुमची घरं मी चालवीन, तुम्ही रोज वाजवा, म्हणाल्या. जेवायला पहिली पंगत त्यांची. चुलतभावाचा मुलगा आदिनाथ यायचा आणि नाक मुरडून जायचा.

"आत्या, लोक काय म्हनत्यात म्हाईत हाय का? गडीमानसं, त्यात बौद्ध लोकं, अन् तू त्यांच्या पंगतीला!"

"मी माझ्या घरात जेवते, आदिनाथ. तुझ्या घरात न्हाय. गप चहा पी."

तर अशी ही बाई. पण मायेला डोळे असतातच असं नाही. मास्तरांच्या पानात भाकर तशीच राहते, हे त्यांच्या ध्यानात आलं. तोंडात दातच किती, तर चार-पाच, तेही किडके. बाईंनी त्यांना गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेऊन बसवलं.

"डॉक्टरसायेब, तेवढा म्होरचा एक ऱ्हाऊ द्या की," मास्तर खुर्चीतून पुटपुटले.

"त्यो वाकडा? त्यो कशाला! समदे काढा अन् नवे बसवा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड उघडलं. ज्या माणसामुळं आपली चूल पेटते, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि बाईंनाही गेल्या कैक वर्षांत कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, ते ऐकायची सवयच उरली नव्हती.

मग रोज नवी सबब. आज पत्ती, उद्या खोकला, परवा उष्णता. बाकीचे वाजवायचे आणि मास्तर सॅक्सोफोन मांडीवर घेऊन मान डोलवायचे. अशात आदिनाथच्या मुलीचं, ज्ञानेश्वरीचं, लग्न निघालं. त्याला डीजे हवा होता. बाई अडून बसल्या: पोरीच्या पाठवणीला मास्तरच वाजवतील. आदिनाथला हेच पाहिजे होतं.

"आत्या, त्यो नुसता बाजा धरतो, वाजवत न्हाय. समद्यांना कळलंय. त्या दिवशी न्हाय वाजवलं, तर ही मंडळी तुझ्या घरातून उठली पायजेत. भावकीसमोर बोल."

"बोलले," बाई म्हणाल्या.

लग्न जालना रोडवरच्या एका कार्यालयात होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणीची गडबड सुरू झाली. बाईंनी राजेंद्रला खांबाआड ओढलं. "खरं सांग. पत्तीचं कारण देऊ नगंस."

राजेंद्रला रडूच आलं. "कवळी हाय, आक्का. बाजाचं तोंड वरचे दात टेकवून धरावं लागतं ना. त्यांचा समदा सूर त्या वाकड्या दातावर व्हता. कवळी जोर दिला की सरकते."

"मंग काढत का न्हाईत?"

"घरी काढत्यात. हिरडीवर ओठ दुमडून गुपचूप वाजवत बसत्यात, येतं थोडंफार. पर चारचौघांत कसं काढनार? तुमी दिली ना. तुमाला वाईट वाटंल म्हनत्यात."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आपण दिलं दिलं म्हणून मिरवलं, आणि या माणसाजवळ जे एकच होतं तेच काढून घेतलं! त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दाराशी ज्ञानेश्वरी आईच्या गळ्यात पडून रडत होती. आदिनाथ घड्याळ बघत होता. मास्तर लाल गणवेशात, सॅक्सोफोन छातीशी धरून उभे होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. बाई तडक त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं, मास्तर. काढा ती कवळी."

"आक्का, लोकांत? बोळकं तोंड घिऊन?"

"म्या आडोसा करते. द्या इकडं." आणि त्यांनी उजवा हात पुढं केला.

मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. कवळी काढली, बाहीला पुसली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांचे गाल एकदम आत गेले. म्हातारा माणूस होता तो, आणि आता तसाच दिसत होता. मग ओठ आत दुमडून त्यांनी फुंकर मारली.

पहिला सूर चिरकला. आदिनाथ हसला. दुसराही डगमगला. तिसरा मात्र खाली, अगदी खाली जाऊन बसला. आधीसारखा खणखणीत नव्हता. धापा टाकत, चाचपडत चालला होता. पण चालला होता, आणि त्याच्या मागे राजेंद्रचा ट्रम्पेट दबक्या पावलानं निघाला. वऱ्हाडातली कुजबुज थांबली. ज्ञानेश्वरीची आई रडता रडता ऐकायला लागली.

आदिनाथ जवळ आला. "आत्या, हातात काय घिऊन उभी ऱ्हायली? शी! ठिव की कुठंतरी. पोरगी पाया पडायला येतीय."

ज्ञानेश्वरी आली, वाकली. डाव्या हातानं आशीर्वाद देत नाहीत, आणि उजवा रिकामा नव्हता. बानाबाईंनी ती ओली, अजून कोमट असलेली मूठ तशीच घट्ट मिटून पोरीच्या डोक्यावर ठेवली.