शून्य म्हणजे शाब्बास

मित्रांनो, मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. मला चाकं नाहीत, शेपूट नाही, त्यामुळे निबंधाच्या पेपरात मला कुणी विचारत नाही. मी म्हणजे साठ ओळींची हुकमांची यादी. बुऱ्हाणपूरला शनवारा भागात केळीवाल्यांची एक सोसायटी आहे, तिथल्या कम्प्युटरमध्ये मी राहते. कागद कारखान्यातल्या एका फोरमनच्या मुलीने, भारतीने, कॉलेजात असताना मला लिहिलं.

सकाळी सात वाजता मी उठते आणि तीन प्रोग्रामना कामाला लावते. पहिला आज कुणाच्या बागेतली केळी कापायची त्याची यादी काढतो. दुसरा गाड्या ठरवतो. तिसरा शेतकऱ्यांना मेसेज पाठवतो; त्यांचा होकार आला की गाडी निघते. मी स्वतः काहीच करत नाही. ऑफिसात अशा पदाला साहेब म्हणतात.

विचारपूस मात्र मी मनापासून करते. प्रत्येक प्रोग्राम काम संपवून जाताना एक आकडा मागे ठेवतो. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम नीट झालं, दुसरं काहीही म्हणजे गडबड. शाळेत शून्य मिळालं की तुमच्या घरी काय होतं ते मी ऐकून आहे. आमच्यात मात्र शून्य म्हणजे शाब्बास. शून्य नसेल तर मी पडद्यावर लाल ओळ दाखवते, 'मेसेज अडकला, फोन करा.' हा आकडा मला लगेच विचारावा लागतो. मध्ये दुसरं कुणी काम करून गेलं, की त्याचा आकडा आधीच्या आकड्यावर बसतो आणि आधीचा कायमचा जातो.

पहिली चार वर्षं माझं फार कौतुक झालं. वार्षिक सभेत हार घातला, तो कम्प्युटरला. नारळ फोडला, तो पायरीवर. पुढे मला सगळे विसरले. बिनबोभाट चालणाऱ्या गोष्टीचं असंच होतं.

मग गिरधरभाऊंनी मला उघडलं. गिरधरभाऊ पूर्वी सोसायटीचं रजिस्टर लिहायचे आणि पान भरलं की खाली 'शुभ लाभ' लिहिल्याशिवाय उलटायचे नाहीत. कम्प्युटरने त्यांची ही जागाच काढून घेतली होती. पाडव्याला त्यांनी प्रत्येक प्रोग्रामच्या हुकमाखाली एक नवी ओळ घातली, पडद्यावर 'शुभ लाभ' लिहिण्याची. माणूस भला, हेतूही भला. पण आता मी आकडा विचारला, की उत्तर त्या ओळीचं मिळायचं. दोन शब्द लिहिण्यात चुकणार काय? रोज शून्य. लाल ओळ दिसेनाशी झाली आणि ऑफिसात वाटलं, कारभार सुधारला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी जसोंडी गावच्या आशाबाई आल्या आणि त्यांनी टेबलावर एक पिवळं केळं ठेवलं. केळं हिरवंच कापून गाडीत भरायचं असतं. झाडावर पिवळं पडलं, की दिल्लीची गाडी ते घेत नाही.

"गिरधरभाऊ, माझी बाग पिवळी पडू राहिली. गाडी कधी येईन?"

"अहो ताई, दोनदा मेसेज टाकला. तुमचा होकारच आला नाही, मग गाडी पुढच्या बागेत गेली."

"मेसेज आलाच नाही, तर होकार काय केळीच्या पानावर लिहून धाडू?"

"कम्प्युटर झूठ थोडीच बोलन? पाहा ना, सब ठीक. शुभ लाभ."

"तुमचा शुभ लाभ इथं बसेल आहे. तिकडं अजून दोन दिवस गेले, तर अख्खी बाग बकऱ्यांना घालावी लागन."

तेवढ्यात भारती आत आली. आखाजीला माहेरी आली होती, म्हणून सहज डोकावली. तिने दोघांचं ऐकून घेतलं, मेसेजचा प्रोग्राम हाताने चालवला आणि लगेच आकडा विचारला. एक. एक मेसेज अडकलेला. कुणाचा ते पाहिलं, तर आशाबाईंचा. नवं सिम घेतल्यावर त्यांनी दिलेला नंबर यादीत नऊच आकडी होता.

"भाऊ, हा नंबर कोणी टाकला?"

"मीच."

"आणि ही शुभ लाभची ओळ?"

"तीही मीच. शुभ आहे ना, भारती."

"शुभच आहे. म्हणून तर ती कधी नापास होत नाही. स्क्रिप्ट विचारते मेसेजवाल्याला आणि उत्तर देते ही!"

गिरधरभाऊंनी फोन उचलून कापणीवाल्यांची टोळी आणि गाडी जैनाबादहून थेट जसोंडीला वळवली. स्वतःही मोटारसायकलवर मागे गेले. संध्याकाळपर्यंत गाडी भरली. सहा घड पिवळे निघाले, त्यातला एक आशाबाईंनी गिरधरभाऊंच्या गाडीला बांधून दिला आणि म्हणाल्या, "घ्या, तुमचा लाभ."

भारतीने ती ओळ पुसली नाही, याचं मला फार बरं वाटलं. तिने एवढंच केलं, की प्रोग्राम संपल्या संपल्या मी त्याचा आकडा जपून बाजूला ठेवते. शुभ लाभ त्यानंतर.

तेव्हा मित्रांनो, आमची निगा राखा म्हणजे रोज हार घाला असं नाही. कुणाला काम सांगितलंत, तर ते झालं का हे त्यालाच विचारा, आणि तो तोंड उघडेपर्यंत टाळ्या वाजवू नका. टाळ्यांच्या आवाजात 'नाही झालं' ऐकू येत नाही.