आप्पांचं 'बघू'

तंबूत पाणी शिरलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, "निसर्गाच्या सान्निध्यात असं व्हायचंच." हे तो घडीच्या खुर्चीवर पाय वर घेऊन म्हणाला. निसर्ग तेव्हा आमच्या गाद्यांखालून वाहत होता.

इथे खोलगट आहे, तंबू जरा वर लावा, असं माझे सासरे पोहोचल्या पोहोचल्या म्हणाले होते. सासरे म्हणजे आप्पा. त्यांनी सगळी नोकरी पूल तपासण्यात घालवली, त्यामुळे पाणी कुठून येईल हे त्यांना कोणाला विचारावं लागत नाही. पण नवरा म्हणाला, "बघू, आप्पा," आणि तंबू खोलगट जागीच लागला.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. हा अर्थ मला नवऱ्यानेच लग्नानंतर समजावून दिला. लहानपणी त्याने सायकल मागितली, आप्पा म्हणाले, बघू. कुत्रा मागितला, बघू. ना सायकल आली ना कुत्रा, आणि नवरा शहाणा झाला. पुढे हाच शब्द त्याने संसारात वापरायला काढला. नळ गळतोय, बघू. मागची खोली आवरायची आहे, बघू. आमची लेक आठ वर्षांची आहे, पण बापाच्या तोंडून 'बघू' ऐकलं की तीसुद्धा वाद न घालता सरळ माझ्याकडे येते.

खरं तर हा तंबूचा खटाटोप निसर्गासाठी नव्हताच. सासूबाई गेल्यापासून आप्पा एकटे राहतात. मागच्या महिन्यात ते बाथरूममध्ये घसरले आणि शेजारी येईपर्यंत तिथेच पडून होते. कपाळावरची खूण अजून दिसते. त्यांना कायमचं आमच्याकडे आणायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मी म्हटलं, फोन करून सांग. नवरा म्हणाला, असं फोनवर विचारायचं नसतं, मोकळ्या हवेत माणूस मोकळा होतो. हा गृहस्थ विमा विकतो. अनोळखी माणसाच्या घरी बसून, त्याचाच चहा पीत, 'तुमच्या पश्चात काय?' असं गोड आवाजात विचारतो. स्वतःच्या बापाला 'आमच्याकडे राहा' म्हणायला मात्र त्याला तंबू लागला.

पाऊस काही थांबला नाही आणि विचारायचं काही जमलं नाही. शेवटी आम्ही गाशा गुंडाळला. ओला तंबू डिकीत मावेना, म्हणून अर्धा मागच्या सीटवर आला, आप्पा आणि लेक यांच्या मधोमध. गाडीला ओल्या मोज्यांचा वास येत होता. पुढे एक फाटा लागणार होता. डावीकडे आप्पांचं गाव, उजवीकडे आमचं शहर. जे विचारायचं ते फाट्याच्या आत विचारायला हवं होतं. एकदा ते आपल्या घरी पोहोचले आणि कुलूप उघडलं, की पुन्हा कोणी विषय काढणार नाही हे मला दिसत होतं. मला भीती वाटत होती, आणि नवऱ्याचा रागही येत होता.

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "कठडा नवीन दिसतोय," एका पुलावर ते म्हणाले.

"हं," नवरा म्हणाला.

मी त्याला चिमटा काढला. त्याने वायपरचा वेग वाढवला.

पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीवर चहा घेताना त्याने घसा साफ केला. "आप्पा, दीर्घकालीन दृष्टीने विचार केला तर, म्हणजे, सुरक्षिततेच्या अंगाने..."

"आप्पा, आमच्याकडे राहायला या," मी म्हटलं. "कायमचे."

आप्पांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बघू," ते म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. सायकल नाकारली तेव्हा तो असाच दिसला असणार. आम्ही पुन्हा गाडीत बसलो. आमच्या घरात त्या शब्दानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही, हे मी आता शिकले आहे. फाटा आला तशी त्याने मुकाट्याने डावीकडचा इंडिकेटर लावला.

"आजोबा, तुम्ही 'नाही' का म्हणालात?" लेकीने तंबूच्या पलीकडून विचारलं.

"मी कधी नाही म्हणालो?"

"बघू म्हणालात की. बघू म्हणजे नाही."

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

नवऱ्याने गाडी कडेला घेतली. इंडिकेटर टिकटिकत होता.

"बघू म्हणजे बघू," आप्पा म्हणाले. "न बघता मी उभ्या जन्मात कशाला हो म्हटलेलं नाही. खोली बघायची, बाथरूम बघायचं, मग सांगायचं." मग नवऱ्याच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, "तुझ्या सायकलीसाठी दुकानं पालथी घातली होती मी."

"मग?"

"मग नाही जमलं. ते तुला सांगायला जीभ रेटली नाही."

नवरा काचेवरचं पाणी बघत राहिला. मग त्याने इंडिकेटर उजवीकडे केला. शहराच्या रस्त्याला लागल्यावर तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "ती मागची खोली..."

"तू आवरणार होतास."

"बघू म्हणालो होतो," तो पुटपुटला.

घरी पोहोचल्यावर आप्पा थेट मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत रिकामी खोकी, बंद पडलेला पंखा, जुन्या दिनदर्शिका, आणि मधोमध व्यायामाची सायकल. चाळिशी गाठल्यावर नवऱ्याने ती मोठ्या हौसेने आणली होती. तेव्हापासून तिच्यावर आमचे टॉवेल वाळतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पांनी टॉवेल एकेक करून काढले, घड्या घालून खोक्यावर ठेवले. वाकून पेडल हाताने फिरवून बघितलं, हँडल हलवून बघितलं.

"शेवटी घेतलीस तर," ते म्हणाले.

"जागेवरच चालते ती," नवरा म्हणाला. "आजच हलवतो, आप्पा. सगळंच हलवतो."

"बाकीचं हलव. ही राहू दे." आप्पांनी भिंतीकडे नजर टाकली. "माझी कॉट खिडकीखाली बसेल."

नवरा ओला तंबू काढायला म्हणून खाली गाडीकडे गेला. बराच वेळ वर आला नाही. मी बघायला गेले नाही.