शेंबडाचा संशय

मित्रांनो, मी एक जुना शेंबूड आहे. नाव ऐकताच नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. त्या मुरडलेल्या नाकातही माझंच एखादं भावंड पहाऱ्याला बसलेलं आहे.

जुना म्हणवतो, पण मी रोज नव्याने तयार होतो. बरंचसं पाणी, चिमूटभर मीठ, जंतूंना नामोहरम करणारी काही द्रव्यं आणि चिकटपणा, एवढंच माझं भांडवल. स्वभावाने मात्र मी पक्का संशयी. आत येणाऱ्या एकाही श्वासावर माझा विश्वास नाही. धूळ असो, परागकण असोत की जंतू, दिसला की धरला. मग नाकातली बारीक लव मला हळूहळू घशाकडे ढकलते, मी गिळला जातो, आणि पोटातलं आम्ल त्या घुसखोरांचा निकाल लावतं. कोरडी हवा ओलसर करून पुढे धाडतो तोही मीच. याबद्दल कुणी माझी पाठ थोपटलेली मला आठवत नाही.

मी होतो आत्याच्या नाकात. आत्या एका शिवणखोलीत पडदे शिवायची आणि भाऊ-वहिनीकडे राहायची. घरात नुकतंच बाळ आलं होतं. कामावरून आली की हातपाय धुऊन ती आधी पाळण्याकडे धावायची.

त्या सुमारास शिवणखोलीत नवा पंखा बसला. आतली कोंदट हवा बाहेर टाकणारा, भिंतीतला. सुपरवायझर छाती फुगवून म्हणाले, "बघा, कसा गार वारा लागतोय!" आत्याने आपलं मशीन लगेच त्याच्यासमोर ओढलं. शिवणाऱ्या सगळ्या बाया खूश झाल्या. मला मात्र पहिल्या झुळकीपासूनच शंका आली. त्या वाऱ्यात सुताची मऊ धूळ नव्हती. काहीतरी टोकदार होतं, बारीक काचेसारखं.

मी कामाला लागलो. धूळ वाढली तसा मीही वाढलो. आत्याचं नाक वाहू लागलं, रुमाल राखाडी होऊ लागला.

"ताई, रागावू नका," वहिनी एका संध्याकाळी म्हणाली, "पण सर्दी जाईपर्यंत बाळाला नका घेऊ."

"अगं, साधी सर्दी आहे."

"साधी सर्दी इतके दिवस राहते होय?"

तिचंही चुकत नव्हतं. पण आत्याचा सगळा राग निघाला माझ्यावर. नाकात थेंब काय, जोरजोरात शिंकरणं काय! थेंबांनी नाक तेवढ्यापुरतं मोकळं व्हायचं, मग दुप्पट चोंदायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. आणि माझी खरी काळजी वेगळीच होती. फार बारीक कण मलाही चुकवून फुप्फुसात उतरतात. मी ओरडणार कसा? मला आवाज नाही, फक्त रंग आहे.

शेवटी तो रंग पाहिला डॉक्टरीणबाईंनी.

"ताप आहे?"

"नाही."

"सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?"

आत्या थबकली. "त्या दिवशी नाक बरं असतं."

"मग ही सर्दी घरची नाही. बसता कुठे कामाला, ते नीट बघा. आणि हे थेंब आधी बंद करा."

दुसऱ्या दिवशी आत्याने मशीन सुरूच केलं नाही. डोळे बारीक करून ती पंख्याकडे बघत राहिली. मग एक लांब दोरा तोडून तिने त्याच्यासमोर धरला. दोरा भिंतीकडे ओढला जायला हवा होता. तो उलटा तिच्या तोंडावर आला.

"साहेब," ती म्हणाली, "हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचा वारा आपल्याला लागतोच कसा?"

सगळे मागच्या बाजूला धावले. तिथे पाथरवटाचं अंगण. तो यंत्राने कोरडाच दगड कापत होता आणि पांढरा धुरळा थेट पंख्याच्या तोंडात शिरत होता. वीजवाल्याने पंख्याच्या मोटरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या, म्हणून तो उलटा फिरून बाहेरची हवा आत ओढत होता. पंखा तिथल्या तिथे बंद झाला.

आत्या मात्र हलली नाही. पाथरवटाच्या पापण्याही पांढऱ्या झाल्या होत्या. तिने धुतलेला रुमाल पुढे केला. "दादा, जरा नाक शिंकरून बघा."

त्याने शिंकरलं, पाहिलं आणि हसला. "हे रोजचंच आहे, ताई."

"म्हणूनच म्हणते. दगडावर पाणी सोडून कापा. तोंडानाकाला चांगला मास्क लावा, आणि एकदा डॉक्टरांना छाती दाखवा."

तो हसायचा थांबला. रुमालाची घडी घालून त्याने खिशात ठेवली, आणि कोपऱ्यातला पाण्याचा पाइप ओढत यंत्रापाशी आणला.

मित्रांनो, मला बोटाने उकरू नका. हळू शिंकरा, हात धुवा. पण टाकून देण्याआधी एकदा माझ्याकडे बघा. जे दुसरं कुणी सांगत नाही, ते सांगायला मी रोज तुमच्या दारापर्यंत येतो.